कोपऱ्यातला शुभेच्छुक

तुमच्या गावच्या चौकात आत्ता ज्या मुलीच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागलेला आहे, तो लावण्याआधी तिला कुणी विचारलं होतं का?

उत्तर द्यायची घाई करू नका. माझा पहिला फ्लेक्स लागला तेव्हा मलाही हा प्रश्न सुचला नव्हता. मी त्याच्याखाली उभी राहून हसत फोटो काढून घेतला होता.

आमचं घर वरकुट्याच्या शिवारात. वडील, ज्यांना सगळं गाव आणि आम्हीही तात्या म्हणतो, साखर कारखान्यात फिटर होते. पाळी संपवून आले की ते पत्रकं काढायचे. आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात देव्हारा नाही, पण छापील कागदाचा मान तेवढाच. हुंड्याविरुद्ध पत्रक, गायरानासाठी पत्रक, जयंतीच्या वर्गणीतून डीजे लावू नका म्हणून पत्रक. बारामतीहून गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदाचे गठ्ठे यायचे आणि घड्या घालायचं काम माझं. घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. पत्रक प्रश्नाने सुरू व्हायचं, विनंतीने संपायचं, आणि खाली तात्यांचं पूर्ण नाव असायचं.

"नाव घालून छापतो तो जबाबदारी घेतो," तात्या म्हणायचे. "नाव लपवतो तो खोटा."

हे वाक्य लक्षात ठेवा. याच वाक्याने पुढे आमचा घात केला.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास मी बारामतीच्या एका अभ्यासिकेत केला. महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची मिळायची, डोक्यावर एक ट्यूब. तिथे पाण्याच्या कूलरजवळ एक जण बसायचा, आमच्यापेक्षा वयाने मोठा. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. अभ्यास त्याने कधीच सोडला होता, खुर्ची मात्र सोडली नव्हती. प्लॉटच्या खरेदी-विक्रीत होता. कुणाचा दाखला काढून दे, कुणाच्या आईला दवाखान्यात ने, असं सगळ्यांचं करायचा. माणूस मदतीचा, असं सगळे म्हणायचे. एकदा जिन्यात त्याने माझा नंबर मागितला. मी नाही म्हणाले. "बरं ताई," म्हणाला आणि अदबीने बाजूला झाला. दुसऱ्या दिवसापासून मी पोचायच्या आत माझी पाण्याची बाटली भरून ठेवलेली असायची.

घरी मी हे सांगितलं नाही. का, ते प्रत्येक मुलीला ठाऊक आहे आणि बहुतेक वडिलांना नाही. सांगितलं असतं तर त्याची खुर्ची गेली नसती, माझी गेली असती. मी बाटली ओतून टाकायचे, पुन्हा भरायचे आणि पुस्तक उघडायचे.

त्याची जात मी सांगणार नाही. सांगितली की तुमच्यातले अर्धे त्याच्या बाजूला जातील, अर्धे माझ्या, आणि मुद्दा तिथेच मरेल.

निकाल लागला. कृषी सहायक म्हणून माझी निवड झाली आणि आमच्या फाट्यावर फ्लेक्स उभा राहिला. वर महापुरुषांच्या तसबिरींची रांग, मधे निळ्या काठाच्या साडीत मी, खाली 'आमच्या भगिनी' म्हणून अभिनंदनाचा मजकूर आणि अगदी तळाला शुभेच्छुकांचे टिकलीएवढे चेहरे. शेजारच्या खांबावर शर्यतीच्या एका बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. आमची आई म्हणाली, "बैलाचा फोटु तुज्यापेक्षा चांगला आलाय." आम्ही खूप हसलो. त्या बैलालाही कुणी विचारलं नव्हतं, हे आज लक्षात येतं.

तळाच्या डाव्या कोपऱ्यात पांढरा शर्ट होता. मी ओळखला. पण आनंदाच्या दिवशी माणूस असल्या गोष्टी बाजूला सारतो.

तात्यांनी चौकशी केली, फ्लेक्स कुणी लावला. त्याचंच नाव निघालं. तात्या भारावले. लांबचा माणूस, स्वतःच्या खर्चाने, स्वतःचं नाव घालून आपल्या मुलीचं कौतुक करतो. मग आमच्याकडे जे होतं तेच झालं. आमच्याकडे कुणी काही केलं की त्याचा सत्कार करतात. चांगलं काम केलं तर करतात, नुसतं पाहुणा म्हणून आला तरी करतात, आणि सत्काराला आला नाही तर घरी जाऊन करतात. विहारात माणसं जमली. तात्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर शाल घातली. तो वाकून आईच्या पाया पडला. मोबाइल वर झाले, फोटो निघाले.

शाल सावरत तो माझ्याकडे बघून हसला. तीच अदब, जिन्यातली.

मला नेमणुकीत मिळाली ती उजनी धरणाच्या फुगवट्याकडेची गावं. पळसदेवच्या अलीकडच्या एका गावात खोली घेतली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नाहीत आणि मला अजून तिथंच काम करायचं आहे. काम मला फार आवडायचं. हुमणीची अळी लागलेला ऊस उपटून दाखवायचा, बीजप्रक्रिया करून दाखवायची, गारपिटीनंतर डाळिंबाच्या बागांत पंचनामे करायचे. स्कूटरवर डबा आणि छत्री टाकून मी दिवसभर एकटी फिरायचे. कोणत्या वारी मी कोणत्या गावात असते ते त्या त्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर माझ्या नंबरसह लिहिलेलं असायचं. तसा नियमच आहे, आणि नियम चांगला आहे. शेतकऱ्याला माणूस सापडला पाहिजे.

तशीच मी त्यालाही सापडले.

माझ्या वाढदिवसाला एसटी थांब्यावर फ्लेक्स लागला. मजकुरात 'भगिनी' नव्हती, 'मॅडमसाहेब' होती. तळाचे बाकीचे शुभेच्छुक गायब झाले होते. तो एकटाच होता, आणि टिकलीएवढा चेहरा आता ताटाएवढा झाला होता. घरमालकीण मावशी कौतुकाने म्हणाल्या, "मॅडम, केवढा मोठा बोर्ड लावलाय तुमचा. भाऊ हायत का कोण?"

"कुणी नाहीत."

"आसं कसं? कुणी नसलेला येवढा खर्च करतुय व्हय?"

मी ग्रामपंचायतीत गेले, फ्लेक्स काढा म्हणून शिपायाला थांब्यावर घेऊन आले. शिपायाने मान वर करून बघितलं आणि हात जोडले. "मॅडम, वर महापुरुष हायत. ह्याला हात लावला तर उद्या गाव बंद. तुमीच सांगा, कोण काढंल?"

मी वर बघितलं. ज्यांच्या तसबिरींखाली मी वाढले, ज्यांची वचनं घड्या घालता घालता पाठ झाली, त्यांना त्याने माझ्या डोक्यावर कुलपासारखं लावलं होतं. त्याला आमचं घर नीट कळलं होतं. तात्यांची मुलगी तो फ्लेक्स फाडणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

मग तो दिसू लागला. शेतकऱ्यांची सभा असली की आधीच येऊन खुर्च्या मांडायचा. माझ्या टेबलावर पाण्याची बाटली ठेवायचा, झाकण सैल करून. मी ती बाटली कधी उघडली नाही. लोक त्याला माझ्या शेजारी जागा करून द्यायचे. मी उठून दुसरीकडे बसले की बायका पदराआड हसायच्या, कारण लग्न ठरलेल्या मुली तशाच लाजतात. मी रस्ता बदलला तर रस्त्यावरची माणसंच त्याला सांगायची. आपली माणसं वाट सांगण्यात कधी कंजुषी करत नाहीत. "मॅडम आत्ताच गेल्या, खालच्या अंगानं. पाण्याकडनं येतील माघारी. थांबा की हितंच, च्या घ्या." हे मी स्वतः ऐकलं आहे, झाडामागे स्कूटर उभी करून.

दिवाळीनंतर थांब्यावर नवा फ्लेक्स आला, आणि त्यातला फोटो मी कधी काढलाच नव्हता. मी बांधावर उभी आहे, डोक्याला रुमाल, वर टोपी, मान खाली घालून पंचनामा लिहिते आहे. फोटोच्या दोन्ही कडांना हिरवे पुसट पट्टे होते. बराच वेळ मला वाटलं, छपाईत रंग सांडला असेल. मग कळलं. ती उसाची पानं होती. कॅमेऱ्याला इतकी जवळ की धूसर झालेली. माणूस उभ्या उसात आत बसला होता आणि दोन सऱ्यांमधून त्याने मला टिपलं होतं. किती वेळ बसला असेल कोण जाणे. उसात दुपारी बसून बघा एकदा. अंगाला पानं कापतात, घाम डोळ्यात जातो, कुसळं टोचतात. मला आठवलं, त्या दिवशी मी बांधावर बसून डबा खाल्ला होता आणि एकटीच आहे म्हणून गाणं म्हटलं होतं.

त्यानंतर मी शेतात गाणं म्हटलेलं नाही.

बारामतीला जाऊन हे फ्लेक्स छापणारं दुकान शोधून काढलं. मालक माझ्याकडे बघून उठूनच उभा राहिला, ओळखीचं हसला. त्याने मला खूप वेळा छापलं होतं. "मॅडम, फोटो तर तुम्हीच पाठवता असं ते म्हणाले. चहा घेणार?"

"मी एकही फोटो पाठवलेला नाही. यापुढे माझा फोटो छापायचा नाही."

"आता असं बघा मॅडम, ऑर्डर आली की आम्ही छापतो. नवरा-बायकोत उद्या गोड होतं, आणि आमचं गिऱ्हाईक जातं."

नवरा-बायको. भिंतीला टेकून मी ते दोन शब्द ऐकले. यंत्रातून कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचा फ्लेक्स हळूहळू बाहेर येत होता.

ठाण्यातही जाऊन आले. पाठलाग करणं हा गुन्हा आहे, तसं कलम आहे, मला ते ठाऊक होतं. समोरच्या हवालदारांनी माझ्या मोबाइलमधले फ्लेक्सचे फोटो शांतपणे बघितले. "ह्यात वाईट शब्द कुठला आहे ते दाखवा," म्हणाले. "अभिनंदन केलंय. वाढदिवस केलाय. आमचा वाढदिवस कुणी करत नाही." शेजारचा हसला. मी अर्ज देऊन आले. पोच मिळाली. बाकी काही मिळालं नाही.

ऊसतोड सुरू झाली तेव्हा मला बरं वाटलं. रानं उघडी पडली, लांबपर्यंत दिसू लागलं. आता बसेल कुठे, असं मनाशी म्हटलं. तो बसलाच नाही. रस्त्यावर उघड उभा राहू लागला, गाडीला टेकून, हात बांधून. लपायची त्याला गरज उरली नव्हती, कारण तोवर नवा फ्लेक्स लागला होता. विहारातल्या सत्काराचा फोटो. त्याच्या खांद्यावर शाल, शालीवर तात्यांचा हात, शेजारी मी. आई आणि बाकी सगळे कापून टाकलेले. खाली मजकुरात ना मॅडम, ना साहेब, माझं नुसतं नाव आणि त्याच्या शेजारी त्याचं. दोघांचे चेहरे सारखेच मोठे. मुलीच्या बापाने शाल घातली, आणखी काय पुरावा पाहिजे? गावाने वाचलं आणि गावाला समजलं.

"मॅडम, लाडू कवा?"

"साखरपुडा आमाला न सांगता उरकला व्हय?"

मी प्रत्येकाला सांगत होते, तसं काही नाही. प्रत्येकजण मान डोलवत होता. नाही म्हणणाऱ्या मुलीच्या तोंडावर गावाचा विश्वास नसतो. बोर्डावर असतो.

उन्हाळ्यात फुगवट्याचं पाणी खाली गेलं. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं, बघायला माणसं येऊ लागली. मी त्या दिवशी पाण्याच्या कडेच्या शेवटच्या वस्तीवर गेले होते, पेरूच्या एका बागेत. तिथे रस्ता भरावावरून जातो आणि पाण्यात संपतो. दोन्ही बाजूंना खोल उतार. परत फिरले तेव्हा ऊन कललं होतं. भरावाच्या मध्यावर, जिथे सकाळी काही नव्हतं, तिथे लोखंडी सांगाडा उभा होता, त्यावर फ्लेक्स होता, आणि रस्त्यात आडवी लावलेली गाडी.

तो शिडीवर होता, वर दिवा बसवत. माझ्या स्कूटरचा आवाज ऐकूनही त्याने मागे बघितलं नाही.

"घाबरू नका," म्हणाला. "उजेड नीट पडतोय का एवढंच बघायचंय. तुम्ही तिकडून बघून सांगा."

मी स्कूटर बंद केली नाही. मागे पाणी होतं. वाऱ्याने फ्लेक्स फडफडत होता. वर रांगेने महापुरुष, खाली आम्ही दोघे, आणि मोठ्या सोनेरी अक्षरांत लग्नाचं निमंत्रण. आई-वडिलांची नावं, गाव, सगळं बरोबर. तारखेच्या जागी मात्र पांढरा चौकोन सोडलेला.

तो सावकाश उतरला. रुमालाने हात पुसले. "तेवढी जागा ठेवलीय बघा. तारीख तुम्ही सांगा. मी कधी तुमच्यावर जबरदस्ती केलीय का? सांगा बरं. तुमच्या अंगाला कधी बोट लावलंय?"

"गाडी बाजूला घ्या."

"घेतो की. तारीख सांगा. नाहीतर मी टाकतो. पत्रिका छापायला टाकायच्यात. तात्यांना मी काल भेटून आलोय."

मला ओरडता आलं नाही. लोकांना वाटतं की अशा वेळी माणूस ओरडतो. मी त्याच्या शर्टाची इस्त्री बघत होते. शिडीवर चढूनही एक घडी मोडली नव्हती.

तेवढ्यात मागून, वस्तीकडून, मासे घेऊन टेम्पो आला. हॉर्न वाजला. मला सुटल्यासारखं वाटलं. त्याने लगेच गाडी बाजूला घेतली, हात जोडले. टेम्पोतली माणसं त्याला ओळखत होती. एकाने मान बाहेर काढली.

"काय दाजी, लाइटिंग बी केलं व्हय? मॅडम, दाजी मोठ्या मनाचं हायत बरं का."

दाजी. मला वाचवायला आलेल्या माणसांनीच त्याला नातं दिलं होतं. मी टेम्पोच्या मागे मागे निघाले. आरशात तो हात हलवत होता. खोलीवर जायची हिंमत झाली नाही. तशीच हायवेने वरकुट्याला, घरी आले.

तात्या ओसरीत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "साऱ्या तालुक्यात लागलंय. मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. तुझी पसंती होती तर मला सांगायचं. मी आडवा आलो असतो का कधी?"

"तात्या, तुम्हाला कुणी सांगितलं माझी पसंती आहे?"

"तो स्वतः येऊन सांगून गेला. आणि छापलंय की, पोरी. नाव घालून छापलंय. कोण खोटं कशाला छापंल नाव घालून?"

आई आतून आली. भाकरी थापता थापता उठली असावी, हाताला पीठ होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग तात्यांकडे.

"तिला इचारलं का कुणी?" आई म्हणाली.

तात्यांनी आता पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"न्हाय, मी म्हन्ती, त्येला इचारलं, गावाला इचारलं, बोर्डाला इचारलं. हिला इचारलं का?" मग माझ्याकडे वळली. "तुला पायजे का त्यो?"

या सगळ्यात हा प्रश्न मला विचारणारी ती पहिली. मी नाही म्हणाले आणि मग मला रडू आलं. अभ्यासिकेतल्या बाटलीपासून सगळं सांगितलं. सांगून संपलं तेव्हा तात्यांचा चेहरा मी आधी कधी न बघितलेला होता. ते म्हणाले, "शाल मी घातली त्येच्या अंगावर." आणि उठून बाहेर गेले. भीती मला पुढच्या गोष्टीची होती. आता म्हणतील, नोकरी सोड, घरी बस. बहुतेक घरांत गोष्ट इथेच संपते आणि फ्लेक्सवाला जिंकतो.

तात्या परत आले ते शिडी घेऊन. जयंतीच्या पताका बांधायची बांबूची शिडी.

बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं माझ्या नोकरीच्या गावी, एसटी थांब्यावर पोचलो. माणसं भरपूर होती. आम्हाला तेच हवं होतं. आईने शिडी धरली, मी चढले. खिशात पत्रकं कापायचं पातं होतं. खालून ओरडा झाला.

"ओ तात्या, वर महापुरुष हायत. हात लावू नका, वातावरण बिघडंल."

"त्यांनाच सोडवायला आलोय," तात्या म्हणाले.

तसबिरींच्या रांगेच्या बरोबर खाली मी पातं लावलं आणि कडेपासून कडेपर्यंत सावकाश कापत नेलं. फ्लेक्सचं कापड जाड असतं, हाताला झटके बसतात. वरची पट्टी सोडवून खाली दिली. आईने ती झेलली, जमिनीला लागू दिली नाही, घडी घालून छातीशी धरली. मग उरलेल्याच्या दोऱ्या मी कापल्या. माझा आणि त्याचा चेहरा खाली मातीत पडला. अपमान कशाचा झाला, ते कुणालाच सांगता येईना.

एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, "व्हय ओ मॅडम, मंग तुमचं ठरलं न्हाय?"

"नाही आजी. मला कुणी विचारलंच नाही."

"आगं बया. आमाला वाटलं ठरलंय. बोर्डावं हुतं की."

तो आला तेव्हा गर्दी बाजूला झाली. चेहऱ्यावर तेच हसू. "तात्या, गैरसमज झालाय तुमचा. घरात बसून बोलू."

तात्यांनी हात पुढे केला. "मी विहारात तुला शाल घातली होती. चार माणसांत घातली होती. चार माणसांत परत मागायला आलोय. शाल दे."

सत्कार परत मागितलेला त्या गावाने कधी बघितला नव्हता, मीही नाही. माणसं पुढे सरकली. त्याचं हसू तसंच राहिलं, पण मान पहिल्यांदा खाली गेली. "शाल घरी आहे," म्हणाला. "पोचवतो."

तिथूनच आम्ही ठाण्यात गेलो, यावेळी बरोबर अर्धा बाजार होता. तक्रार लिहून घेतली. 'दाजी' म्हणणाऱ्या माणसाने भरावावर काय बघितलं ते जबाबात सांगितलं, आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "चुकलं मॅडम. बोर्ड बघून बोललो." आता खटला आहे, तारखा पडतात. तो जामिनावर आहे.

जामीन झाल्यानंतर एका सकाळी खोलीबाहेर आले तर स्कूटरच्या हँडलवर शाल होती. धुतलेली, इस्त्री केलेली, चौकोनी घडी. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. मावशी दारात उभ्या होत्या, आम्ही दोघी त्या शालीकडे बघत राहिलो. तात्यांनी ती पंचांसमक्ष ठाण्यात जमा केली.

भरावावरचा फ्लेक्सही आम्ही तसाच कापून उतरवला. वरच्या पट्ट्या आमच्या घरी कपाटात जपून ठेवल्या आहेत. लोखंडी सांगाडे मात्र उभेच आहेत, थांब्यावर, वळणावर, पाण्याकडे. मी रोज त्यांच्याखालून जाते. लांबून सांगाडा दिसायला लागला की स्कूटरचा वेग आपोआप कमी होतो, तो रिकामा आहे ना एवढं बघायला. आजवर रिकामा आहे. तो पांढरा चौकोन मात्र मला अजून दिसतो.

फळ्यावर माझे वार आता लिहीत नाहीत, शेतकरी कार्यालयात फोन करतात. नोकरी मी सोडलेली नाही.

तात्यांच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक विनंती असायची, तशी माझीही आहे. हे वाचून झालं की चौकात जा. मुलीचा फोटो असलेला फ्लेक्स दिसला तर तिला गाठा, तिच्या बापाला किंवा भावाला नाही, तिला, आणि एकटीला विचारा: हा तुला विचारून लावला का? ती नाही म्हणाली, किंवा उत्तर द्यायच्या आधी तिने मागे वळून बघितलं, तर शिडी आणा. वरची पट्टी आधी सोडवा, घडी घाला आणि कुणाच्या तरी आईच्या हातात द्या. आणि उद्या पांढऱ्या शर्टातल्या कुणी अदबीने विचारलं, की मॅडम कुठल्या रस्त्याने गेल्या, तर त्याला चहा खुशाल पाजा. रस्ता सांगू नका.